किल्ल्याच्या पायथ्याशी १२ मीटर

“किती मजले मिळाले?” आमच्या घराला परवानगी मिळाल्याचं कळल्यापासून ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतले शेजारी, माधवगंजातले नातेवाईक, लग्नामुंजीत भेटणारे ओळखीचे, सगळे हेच विचारतात. तीन, असं मी सांगते. पण ते उत्तर अर्धंच आहे. परवानगी नुसत्या मजल्यांची मिळत नाही, मीटरची मिळते, आणि ते मीटर कुठून कुठपर्यंत मोजायचे याचा हिशोब प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. आम्हाला १२ मीटर मिळाले. जमिनीपासून मुमटीच्या, म्हणजे गच्चीवर निघणाऱ्या जिन्यावरच्या खोलीच्या, माथ्यापर्यंत, कठडा आणि पाण्याची टाकी धरून. त्या १२ मीटरांत तीन पिढ्या आणि दोन बिऱ्हाडं कशी बसवली, ते सगळं लिहून ठेवते आहे. लष्कर नावाच्या भागातली, जुन्या ग्वाल्हेरातली मराठी घरं आता एकामागून एक पाडून नव्यानं बांधायला निघाली आहेत, आणि प्रत्येक घर ही वाट पहिल्यापासून चाचपडत चालतं.

आमचं घर शिंदे की छावनीच्या मागच्या अंगाला, किल्ल्याच्या टेकडीकडे चढत जाणाऱ्या एका गल्लीत आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. भिंती दगडाच्या, छत पटियांचं, म्हणजे वालुकाश्माच्या लांब फरश्या तुळयांवर टाकून वर चुन्याचा कोबा. छताची उंची १४ फूट. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या वर पारा गेला तरी माजघरात पाय गार लागायचे. पण गेल्या काही पावसाळ्यांत दोन पटियांना तडे गेले, माजघराच्या कोपऱ्यात ओल उतरली, आणि एका रात्री कोब्याचा ढलपा देवघरासमोर पडला. सासूबाईंचं वय ८० च्या पुढे. आमचं बिऱ्हाड, दिरांचं बिऱ्हाड, आणि माझ्या मुलाचं लग्न ठरलेलं. दुरुस्तीनं भागणार नव्हतं.

आर्किटेक्ट सासूबाईंच्या मैत्रिणीची नात. भोपाळला शिकून परत आलेली, आम्हा दोघी जावांना काकू म्हणणारी. तिनं पहिला नक्शा काढला तो आम्ही सांगितला तसा. खाली खांबांवर मोकळी जागा, तिथं दोन गाड्या आणि स्कूटर. वर तीन मजले: एक सासूबाई आणि आम्ही, एक भाऊजी-जाऊबाई, एक मुलासाठी. गच्चीवर मुमटी, मुमटीवर टाकी. इथं प्रत्येक नवं घर असंच उभं राहतं, त्यामुळे त्यात वेगळं काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

नगर निगमाच्या बाजूचा हिशोब तिनं आम्हाला जेवणाच्या टेबलावर बसून समजावला. मध्य प्रदेशात भूमी विकास नियम २०१२ लागू आहेत. भूखंडाचं क्षेत्र, समोरचा रस्ता आणि जागेचा वापर यांवरून तीन गोष्टी ठरतात: जमिनीचा किती भाग झाकता येईल, चारी बाजूंनी किती जागा सोडायची (इथं तिला सगळे एमओएस म्हणतात) आणि एकूण किती क्षेत्र बांधता येईल, म्हणजे एफएआर. उंचीची मर्यादा वेगळी असते, पण ती या तिघांशी बांधलेली असते. राष्ट्रीय इमारत संहितेत एक जुनं सूत्र आहे: इमारतीची उंची समोरच्या रस्त्याची रुंदी आणि पुढे सोडलेली मोकळी जागा यांच्या बेरजेच्या दीडपटीहून जास्त नको. आमची गल्ली ६ मीटरची, पुढे सोडायची जागा ३ मीटर. ९ ची दीडपट साडेतेरा. यामागचं कारण सरळ आहे. गल्ली अरुंद आणि दोन्ही बाजूंची घरं उंच झाली, की खालच्या मजल्यावर उजेड पोचत नाही, वारा फिरत नाही आणि आग लागली तर बंबाला उभं राहायला जागा राहत नाही.

पहिल्या नक्शाची उंची तिनं अशी मांडली होती. खालची मोकळी जागा स्लॅबसकट २.७ मीटर. वर प्रत्येक मजला ३.१५ मीटर, तीन मजल्यांचे ९.४५. गच्ची आली १२.१५ मीटरवर. संहितेच्या मोजणीत उंची गच्चीपर्यंतच धरतात. ठरावीक मापातली मुमटी, टाकी, कठडा त्यात धरत नाहीत. त्यामुळे साडेतेराच्या आत आम्ही आरामात होतो. घरात पेढे आले.

मग तिनंच विचारलं, “काकू, किल्ल्याची हद्द इथून किती लांब?”

किल्ला आमच्या गच्चीतून रोज दिसतो, पण त्याची हद्द कुठं संपते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या मनात किल्ला म्हणजे वरचा तट. कायद्यात तसं नाही. केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर अंतर स्मारकाच्या भिंतीपासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजतात. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात हा फरक फार मोठा पडतो, कारण इथं जपण्यासारखं फक्त टेकडीच्या माथ्यावर नाही. मानमंदिर, सासबहू, तेली का मंदिर वर आहेत. पण कड्यांच्या अंगावर जैन मूर्ती कोरलेल्या आहेत आणि गूजरी महाल तर थेट पायथ्याशी आहे. सीमा कुठल्या बाजूला किती खाली उतरते हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

त्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र. तिथं नवीन बांधकामच नाही. १६ जून १९९२ पूर्वी घर उभं असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणाची परवानगी मागता येते, तेवढंच. त्याच्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र. इथं बांधता येतं, पण आधी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. मूळ कायदा १९५८ चा. ही अंतरं १९९२ च्या अधिसूचनेनं आली. मध्यंतरी पुरातत्त्व खात्याची एक सल्लागार समिती प्रतिबंधित क्षेत्रातही सवलती देत असे. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये ती रीत बेकायदा ठरवली, आणि २०१० च्या दुरुस्तीनं अंतरं थेट कायद्यात लिहिली गेली. त्याच दुरुस्तीनं प्राधिकरणही जन्माला आलं. ‘ओळख काढली की १०० मीटरच्या आतही होतं’ असं सांगणारे लोक अजून भेटतात. ते जुन्या काळात राहतात.

मोजणी झाली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली होती. यंत्र तिवईवर लावलं होतं, एक मुलगा उंच काठी घेऊन वरच्या अंगाला जात होता. आमचं घर निघालं १६४ मीटरवर. विनियमित क्षेत्रात. मी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच गप्प झाले, कारण वरच्या वळणावरची काही घरं १०० च्या आत निघाली होती. त्यातल्या एका घरातल्या आजी सासूबाईंच्या भिशीतल्या. त्यांचंही छत पटियांचंच, आमच्याहून वाईट अवस्थेतलं. त्यांना ते पाडून नवं बांधता येणार नाही. दुरुस्ती करत राहायचं, तीही परवानगी घेऊन. आमच्यात आणि त्यांच्यात एका वळणाचं अंतर आहे. कायद्यानं रेघ कुठंतरी ओढावीच लागते, हे मला कळतं. पण रेघेच्या त्या बाजूला जे राहतात त्यांच्या छताची चिंता कायद्यानं वाहायला हवी, असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं. पटियांचं छत दुरुस्त करणारे कारीगर आता फार थोडे उरले आहेत आणि त्यांची मजुरी पेन्शनीत बसत नाही.

अर्ज ऑनलाइन होतो. मालकीचे कागद, चारी बाजूंनी काढलेले जागेचे फोटो, उपग्रह नकाशावर जागा आणि स्मारक यांचं अंतर, प्रत्येक मजल्याचा नक्शा, दर्शनी बाजू आणि काटछेद. या सगळ्यात खरा जीव काटछेदात असतो. घर उभं चिरून दाखवलेलं ते चित्र. उंचीचा प्रत्येक सेंटीमीटर त्याच्यावर दिसतो. प्राधिकरण एकूण उंची विचारतं: मुमटी, कठडा, टाकी सगळं धरून. म्हणजे ज्या घराची उंची निगमाच्या हिशोबात १२.१५ मीटर होती, त्याच्यावर २.४ मीटरची मुमटी आणि तिच्यावर स्टँडसकट दीड मीटरची टाकी चढवली की तेच घर १६.०५ मीटरचं होतं. वीट एकही वाढलेली नाही, आणि सुमारे ४ मीटर वाढले.

प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं त्यांच्या संकेतस्थळावर असतात. आर्किटेक्टनं ती आम्हाला वाचायला लावली, आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. गावोगावची घरं त्यात असतात: कुणाचं अंतर किती, मागितलं किती, शिफारस किती मीटरची झाली. वाचता वाचता लक्षात आलं, की अंतर आणि आजूबाजूच्या घरांची उंची या दोन गोष्टींकडे बारकाईनं पाहिलं जातं. ज्या स्मारकासाठी वारसा उपविधी तयार झाले आहेत तिथं किती अंतरावर किती उंची हे लिहिलेलंच असतं. नसतील तिथं प्रत्येक प्रकरण वेगळं तोललं जातं. २००० चौरस मीटरहून मोठं बांधकाम असेल तर वारशावरच्या परिणामाचा वेगळा अभ्यास मागतात. आमच्यासारख्या २४०० चौरस फुटांच्या भूखंडाला त्याची गरज नव्हती. आमच्या गल्लीतली घरं दुमजली, फार तर तिमजली. १६ मीटर मागणं म्हणजे नकार ओढवून घेणं, असं ती स्पष्ट म्हणाली. तिच्या मते १२ च्या आत राहून मागावं.

इथून घरातली खरी ओढाताण सुरू झाली. ४ मीटर कुठून काढायचे?

संहितेची काही मापं हलत नाहीत. जोतं आजूबाजूच्या जमिनीहून किमान ४५ सेंटीमीटर वर हवं, नाहीतर पावसाचं पाणी घरात. राहत्या खोलीची आतली उंची किमान २.७५ मीटर. गच्चीचा कठडा किमान १ मीटर. गाडीच्या जागेला आत २.४ मीटर. ही मापं एकावर एक रचली की खांबांवरची मोकळी जागा आणि वर तीन मजले १२ मीटरमध्ये काही केल्या बसत नव्हते. मोकळी जागा ठेवायची तर एक मजला जाणार, आणि मजला गेला तर मुलगा-सून भाड्याच्या घरात.

भाऊजींना गाड्यांची जागा सोडवत नव्हती. आमची गल्ली ६ मीटरची. गाडी बाहेर लावली की रोज कुणाशी तरी वाद. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलाचं म्हणणं, मुमटीच काढून टाका, गच्चीवर लोखंडी जिन्यानं जाऊ. जाऊबाई म्हणाल्या, पावसात पापड-कुरडयांचे ताट घेऊन लोखंडी जिन्यानं कोण चढणार? बरेच दिवस जेवताना हाच विषय. शेवटी सासूबाईंनी विचारलं, “मोकळी जागा ठेवली तर मी कितव्या मजल्यावर?” कुणी बोललं नाही. लिफ्ट आमच्या ऐपतीतली नव्हती, आणि त्यांचे गुडघे सगळ्यांना माहीत होते. खांबांवरची मोकळी जागा त्या प्रश्नानं गेली. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, उंचीच्या मर्यादेनं आमच्या घरात एक चांगली गोष्ट करवून घेतली: ८० पार केलेल्या बाईची खोली जमिनीला लागून आली. एक गाडी पुढच्या मोकळ्या जागेत, दुसरी विकली.

नवा काटछेद असा झाला. जोतं ०.४५. तीन मजले, प्रत्येकी ३ मीटर. गच्ची ९.४५ वर. मुमटी २.४, तिचा माथा ११.८५. टाकी मुमटीवरून उतरवून गच्चीवर मुमटीच्या आडोशाला, १.८ मीटरच्या आत. सौर पाट्यासुद्धा मुमटीच्या माथ्याखाली राहतील अशा. शिल्लक १५ सेंटीमीटर. ती शिल्लक सोडायची नाही, असं तिनं बजावलं होतं. काम करताना स्लॅब कधी सेंटीमीटरभर वर जातो, फरशीखालचा थर जाड होतो, आणि तीन मजल्यांत ते साठत जातं.

याची किंमत काय, तेही सांगायला हवं. टाकी खाली आली तर वरच्या मजल्यावर नळाला जोर राहत नाही. शॉवरसाठी छोटा पंप लावावा लागणार. आणि छत. ३ मीटरच्या मजल्यातून स्लॅब आणि फरशी वजा केली की आतली उंची २.८ मीटर उरते. १४ फुटी छताखाली जन्म काढलेल्या माणसाला ९ फुटांचं छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. जाऊबाई नक्शावर बोट ठेवून म्हणाल्या, “उन्हाळा कसा काढायचा यात?” त्याचं उत्तर आर्किटेक्टनं उंचीत न शोधता दुसरीकडे शोधलं. गच्चीवर पांढऱ्या टाइल्स, पश्चिमेच्या भिंतीत पोकळी, समोरासमोर खिडक्या, वर झरोके. जुन्या पटिया फोडून न टाकता तिनं अंगणात आणि मागच्या ओट्याला वापरल्या आहेत.

याच दिवसांत आमच्याकडे एक ठेकेदार यायचा. त्याचा सल्ला होता, “भाभीजी, छत डाल दो, बाद में कंपाउंडिंग करा लेना, कौन नापने आ रहा है.” असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे नीट सांगते. निगमाच्या नियमांत थोडं जास्तीचं बांधकाम दंड भरून नियमित करून घेण्याची सोय आहे, ती कंपाउंडिंग. पण तो निगमाच्या घरातला मामला. स्मारकाच्या कायद्याला ती लागू नाही. विनियमित क्षेत्रात परवानगीशिवाय किंवा परवानगी मोडून बांधलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम आहे. त्याशिवाय पाडापाडीची टांगती तलवार, आणि घरावर कर्ज मिळायची पंचाईत. त्या माणसाला आम्ही काम दिलं नाही.

अर्ज गेल्यावर जागेची पाहणी झाली. आलेल्या माणसांनी शेजारच्या घरांचे मजले लिहून घेतले, आमच्या गच्चीतून किल्ल्याचा आणि गल्लीच्या तोंडातून आमच्या घराचा फोटो काढला. एक गोष्ट आर्किटेक्टनं आधीच करून ठेवली होती आणि ती फार उपयोगी पडली. आमची जमीन उताराची आहे. पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत ९० सेंटीमीटर चढ. मग शून्य कुठं धरायचं? पुढून मोजलं तर घर उंच, मागून मोजलं तर बुटकं. तिनं गल्लीतल्या निगमाच्या गटाराच्या झाकणाची पातळी घेऊन तिथं शून्य धरलं, काटछेदावर तसं लिहिलं, त्या जागेचा फोटो जोडला. पाहणीत पहिला प्रश्न तोच आला, आणि उत्तर कागदावर तयार होतं. उतारावरच्या घरांनी एवढं तरी करावंच.

कायद्यात मुदती लिहिलेल्या आहेत: सक्षम अधिकाऱ्यानं १५ दिवसांत अर्ज प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस द्यायची, मग एका महिन्यात अर्जदाराला निर्णय कळवायचा. आम्ही त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या. एकदा काटछेदावर टाकीची उंची वेगळी लिहून द्या, असं विचारणं आलं, ते दिलं. परवानगी आली ती तळमजला अधिक दोन मजल्यांची, एकूण १२ मीटर, मुमटी, कठडा, टाकी धरून. सोबत अटी. पाया खणताना काही जुनं सापडलं तर काम थांबवून कळवायचं, ही त्यातली एक. पाया खणताना सासूबाई रोज खुर्ची टाकून बसत होत्या. सापडलं ते एक जुनं जातं, आणि ते आमच्याच घरातलं होतं.

परवानगीचं पत्र जोडून मग निगमात भवन अनुज्ञेचा अर्ज गेला. ऑनलाइन प्रणालीत नक्शा चढवल्यावर एफएआर, एमओएस संगणकच तपासतो. तिथं फार काही घडलं नाही.

माझा मावसभाऊ इंदूरला असतो, विमानतळाच्या बाजूला. त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला आहे आणि त्यांचा हिशोब आणखी तिसराच. तिथं उंची जमिनीपासून मोजतच नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. इंदूरची जमीनच मुळात साधारण ५५० मीटरवर. मोठ्या धावपट्टीभोवती ४ किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर एक न दिसणारं छत धरलेलं असतं. विमान उतरायच्या दिशेला तर ते धावपट्टीकडे आणखी खाली उतरत येतं. सप्टेंबर २०१५ च्या नियमांनी रंगांचे नकाशे आले, कुठल्या रंगात किती उंचीपर्यंत थेट स्थानिक संस्था परवानगी देऊ शकते आणि कुठं विमानतळ प्राधिकरणाकडे जावंच लागतं, ते त्यावर कळतं. त्यात अँटेना आणि विजेचा निवारकसुद्धा मोजतात. आमच्याकडे महाराजपुऱ्याचं विमानतळ हवाई दलाचं आहे, पण आमचं घर तिथून दूर आणि इतकं बुटकं, की तो प्रश्न आला नाही. मावसभावाला मी एवढंच सांगितलं: सगळ्यात आधी सगळ्या खात्यांचे आकडे एका कागदावर, एकाच शून्यापासून मांडून घे. त्यातला सगळ्यात लहान आकडा, तो तुमच्या घराचा. बिल्डर नेहमी सगळ्यात मोठा आकडा दाखवतो.

मला कुणी विचारलं, की ही मर्यादा हवी का, तर मी हो म्हणते. परवानगीची वाट पाहत होतो तेव्हा एका सकाळी मुलाबरोबर किल्ल्यावर गेले होते. उरवाईच्या बाजूनं चढताना कड्यातली आदिनाथाची मूर्ती लागते, एका पाषाणातून कोरलेली, सुमारे १७ मीटरची. आमच्या सगळ्या घराहून उंच. वर तटावरून खाली पाहिलं की लष्कर अजून लष्करासारखं दिसतं: छपरं एका पातळीत, मधून देवळांची शिखरं, जयविलास महालाची पांढरी रेघ. दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली ती १८१० च्या सुमारास. तेव्हापासून हे शहर किल्ल्याकडे मान वर करूनच राहत आलं आहे. टेकडी सुमारे १०० मीटर उंच असली तरी तिच्या पायथ्याशी १६-१६ मीटरची ओळ उभी राहिली तर खालच्या मूर्ती आणि कडे रस्त्यावरून दिसेनासे होतील, आणि त्याला फार वर्षं लागणार नाहीत. मी ३० वर्षं इथल्या मुलींना इतिहास शिकवला. किल्ला दाखवायला मला वर्गाच्या खिडकीपलीकडे कधी जावं लागलं नाही. ती खिडकी कुणाच्या चौथ्या मजल्यानं बंद व्हावी असं मला वाटत नाही, मग तो मजला आमचा का असेना.

पण मर्यादा पाळायची तर ती आधी दिसायला हवी. आमच्या गल्लीत आजही कुणाला सांगता येत नाही, की १०० मीटरची रेघ नेमकी कोणाच्या भिंतीवरून जाते आणि ३०० ची कुठं संपते. घर विकत घेताना, वाटणी करताना, बँकेत कर्ज मागताना ते कळत नाही. कळतं ते नक्शा काढून झाल्यावर, आर्किटेक्टचे पैसे दिल्यावर. गल्लीच्या तोंडावर नळाच्या व्हॉल्व्हची पाटी असते, तशी या दोन रेघांची पाटी लावायला काय हरकत आहे? रजिस्ट्रीच्या कागदावर एक ओळ वाढवायला काय लागतं? लोक नियम मोडतात त्यातले पुष्कळ नियम माहीत नसल्यानं मोडतात, आणि माहीत होईपर्यंत स्लॅब ओतून झालेला असतो.

दुसरं मागणं वरच्या वळणावरच्या घरांसाठी. ज्यांना नवं बांधता येत नाही त्यांच्या दुरुस्तीच्या अर्जाचा निकाल पहिल्या पावसाआधी लागावा. त्या आजींच्या अर्जाचे कागद आम्ही बसून भरून दिले. घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवायला त्यांच्याकडे निगमाच्या करपावत्या होत्या, सासऱ्यांच्या काळच्या, कापडात बांधून ठेवलेल्या. असल्या पावत्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या आजच स्कॅन करून घ्याव्यात. जुनी वीजबिलं, वाटणीपत्र, काहीही. ती तारीख सिद्ध करणं हेच त्या घरांचं सगळ्यात मोठं काम आहे.

आमचा दुसरा स्लॅब गेल्या आठवड्यात ओतून झाला. प्रत्येक स्लॅबच्या आधी आर्किटेक्ट येऊन गटाराच्या झाकणापासून पातळी लावून बघते आणि मिस्त्रीच्या वहीत आकडा लिहून त्याची सही घेते. दुसऱ्या स्लॅबचा माथा ६.४५ ला हवा होता, ६.४७ निघाला. १५ सेंटीमीटरच्या शिलकीतले २ गेले. तिसऱ्याला ते परत मिळवता येतील, असं मिस्त्री म्हणतो. वरच्या मजल्याची फरशी पातळ घ्यावी लागेल.